खाऱ्या विहिरीवरची मोटार

मूर्तिजापूरच्या उत्तरेला सहा मैलांवर पिंपळशेंडा नावाचं गाव आहे. त्या गावात मी घरजावई म्हणून गेलो तेव्हा माझ्यापाशी दोनच गोष्टी होत्या. एक मोटार चालवायचं लायसन आणि दुसरी, आपल्याला सगळं कळतं अशी खात्री. लायसन वेळच्या वेळी नवं करून घ्यावं लागे. खात्री मात्र पाच वर्षं तशीच टिकली, आणि मोडली तेव्हा ती मोडायला माझ्या सासूबाईंना आवाजही चढवावा लागला नाही. त्या सासूबाईंची, पार्बताबाईंची ही हकिगत आहे. हिच्यात माझी फजिती जरा जास्त आली आहे. त्याला इलाज नाही, त्यांच्या आयुष्यातली ती पाच वर्षं मीच अडवून धरली होती.

मी मूळचा वरूडचा. आमचा संत्र्याचा बगिचा होता, म्हणजे बापाचा होता आणि पुढे तीन थोरल्या भावांचा होणार होता. मी चौथा. माझ्या वाट्याला सल्ले यायचे. शेवटी एका संत्र्याच्या व्यापाऱ्याची लारी मी दोन हंगाम वरूड-अमरावती चालवली आणि मोटारीतलं आपल्याला कळतं असा माझा समज झाला. खरं म्हणजे मला मोटार चालवता येत होती, एवढंच. बैल हाकणाऱ्याला बैलाच्या पोटात काय दुखतं ते कळतंच असं नाही, पण हा विचार चोविसाव्या वर्षी सुचत नाही.

पार्बताबाईंना वच्छला ही एकच मुलगी. नवरा गेला तेव्हा वच्छला पाच वर्षांची होती. बावीस एकर काळी जमीन बाईंनी एकटीनं सांभाळली. पेरणीच्या दिवसांत तिफणीमागे स्वतः चालल्या. उंच, वाळकी बाई, कासोटा घातलेलं लुगडं आणि कपाळापर्यंत पदर. मी त्यांना मामी म्हणायचो. त्यांचं बोलणं कमी. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी ‘बरं’ म्हणायच्या. माझं बोलणं भरपूर असल्यामुळे आमचं छान जमतं, असं मला वाटायचं.

त्या भागातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. तिकडे जमीन लोण्यासारखी, पण जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याचं पाणी गावाबाहेरच्या नदीतून आणायचं. उन्हाळ्यात नदीही आटते. मग बाया वाळूत खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात, आणि वाटी-वाटीनं गोडं पाणी उपसून घागरी भरतात. मामींच्या घरी ते पाणी एका रांजणात असायचं, वर लाकडी झाकण, झाकणावर पितळी गडवा. त्या रांजणाला हात लावायचा तर मामींना विचारून. मी वरूडचा, आमच्याकडे बगिच्याच्या पाटात म्हशी लोळायच्या. इथे आलो त्या पहिल्या सकाळी मी त्या रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले. त्या दिवशी घरातल्या दोघी बाया सकाळभर तहानलेल्या होत्या, हे मला वच्छलेनं वर्षभरानं सांगितलं.

लग्नाला सहा महिने झाले आणि मी मोटारीचा विषय काढला. अमरावतीच्या एका जिनिंगवाल्याकडे जुनी लारी विकायला होती. लहानशीच, अमेरिकन बनावटीची. पुढे दोघांपुरती टिनाची केबिन, मागे फळ्यांचा उघडा हौदा. आपला कापूस, गावाचा कापूस, बाजाराचा माल, सगळं आपणच नेऊ, असं मी मामींना दोन दिवस समजावलं. त्यासाठी बांड्या आणि हरण्या ही घरची बैलजोडी विकावी लागणार होती. पेरणीपुरते बैल भाड्यानं आणता येतील, हेही मीच सांगितलं. ती जोडी मामींनी वासरांपासून वाढवली होती. त्यांनी मला एकच विचारलं.

“तिले ठेवसान कुठी?”

“बैलाच्या कोठ्यात, मामी. जागा रिकामीच होनार हाय.”

“बरं. बैलाच्या जागी उभी रायली तं बैलासारखी सांभाळा.”

आणि बैल गेले त्या संध्याकाळी पारावरची माणसं कुजबुजायला लागली, की घरजावयानं सासूचे बैल विकून खाल्ले, तेव्हा याच बाईनं पारासमोर उभं राहून सांगितलं, “जवायानं बैल इकले नाई, बदलले.” गावात सहसा न बोलणारी बाई बोलली, म्हणून ते वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मला त्याचा अभिमान वाटला. त्या वाक्यानं आपल्या मानेवर केवढं ओझं ठेवलं आहे, ते मला जाणवलं नाही.

बैलासारखी सांभाळा म्हटल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर मोटार धुतली. बैल धुतात तशी, विहिरीवर नेऊन, रोज. व्यापाऱ्याकडे आम्ही लारी रोज धुवायचो आणि ती आरशासारखी राहायची. पहिल्या दिवशी मी बादल्या ओतत होतो तेव्हा मामी विहिरीवर आल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मी त्यांना मोटारीच्या निगेबद्दल चार गोष्टी समजावून सांगितल्या. मोटार म्हणजे बैल नव्हे, हिचं शास्त्र वेगळं, वगैरे. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि गेल्या. त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलं नव्हतं, कारण मी बोलत होतो.

पुढे चार वर्षं मी ती मोटार रोज त्या खाऱ्या पाण्यानं धुतली. आंघोळ एखादे दिवशी राहायची, मोटार कधी राहिली नाही. दाराच्या फटीत, मडगार्डच्या खाली, केबिनच्या तळाशी, जिथे म्हणून हात जाईल तिथे मी पाणी मारायचो. बाया घागरी टेकवून पाहत उभ्या राहायच्या. त्या माझं कौतुक करताहेत असं मी धरून चाललो होतो. पाणी वाळलं की काळ्या रंगावर एक पांढरट झाक उरायची. ती फडक्यानं घासून मी म्हणायचो, पाहा, रंगाला कशी तुकतुकी आली.

या काळात मामींनी मोटारीसाठी एकच गोष्ट केली आणि ती मला अडाणीपणाची वाटली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा सोलवटलेला असतो, त्यावर हळद घातलेलं कोमट तेल किंवा तूप पळसाच्या पानानं लावतात आणि बैलाला म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमच्या कोठ्यात बैल नव्हते. मामी पळसाची पानं आणि जवसाच्या तेलाची वाटी घेऊन मोटारीपुढे उभ्या राहिल्या आणि पुढच्या दोन्ही मडगार्डना तेल चोपडलं. मोटारीचे खांदे तेच. आवतनही दिलं. मोटार उद्या काय जेवणार, असं मी विचारलं आणि मीच हसलो.

दुसऱ्या दिवशी मी राख घेऊन ते तेल घासून काढलं. तेलावर धूळ बसते, मोटार मळते. पुढच्या अमावास्येला पाहतो तर मडगार्डवर पुन्हा तेल. मग दर अमावास्येला हेच. त्या लावायच्या, मी घासायचो. सांध्यात, वळ्यांत जे मुरायचं ते माझ्या घासण्याला पुरून उरायचं. आमच्यात यावरून एक शब्दही झाला नाही. सासूच्या भाबडेपणाकडे काणाडोळा करणारा समंजस जावई अशी मी स्वतःची पाठ थोपटून घेत असे.

चौथ्या वर्षी दाराच्या खालच्या काठाला रंगाखाली एक फोड आला. नखानं टोकरला तर आत तपकिरी भुकटी. मी म्हटलं, रंग जुना झाला. वरून डांबर मारलं. फोडाखाली काय चाललं आहे ते मला दिसेना, म्हणून ते थांबलं असं मी समजलो. महिन्याभरात तिथे बोट जाईल एवढं भोक पडलं. मग माझ्या अंगातला कारागीर जागा झाला. जुने बांधकामवाले चुन्यात गूळ घालतात आणि त्या भिंती शंभर वर्षं टिकतात, असं मी ऐकून होतो. मी चुना आणि गूळ मळून सगळी भोकं बुजवली आणि वर काळा रंग दिला. दोन्ही दारांच्या तळाशी मला तीन-तीन बारीक सारखी भोकं दिसली, तीही त्याच उत्साहात बुजवली.

तीन दिवसांनी मूर्तिजापूरच्या बाजाराला निघालो तेव्हा केबिनमध्ये मुंग्या होत्या. शेजारी बसलेले महादेवराव पाटील रस्ताभर धोतर झटकत होते. ते गावातले मानाचे गृहस्थ. उतरल्यावर त्यांनी मला नमस्कार केला आणि परत येताना बैलगाडीनं आले.

केबिनच्या तळाचा पत्रा पातळ झाला तेव्हा मी त्यावर बारदान अंथरलं. पावसाळ्यात बारदान भिजे आणि आठ-आठ दिवस ओलं राही. पत्र्याला थंडावा बरा, असं काहीसं मी तेव्हा म्हटल्याचं वच्छला सांगते. मला आठवत नाही.

अकोल्याला दरवर्षी मोटार पासिंगला न्यावी लागे. त्या वर्षी तिथल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि दाराला टेकवली. पेन्सिल आरपार गेली. त्यांनी ती दुसऱ्या बाजूनं ओढून घेतली, पुसली, पुन्हा कानावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “या वर्षी सोडतो. पुढल्या वैशाखात ही अशीच आणली तर परवाना रद्द.”

मी घरी येऊन सांगितलं, पास झाली.

जगातली दुसरी मोठी लढाई सुरू होती. नवी लारी कुणालाच मिळत नव्हती, टायर मिळत नव्हते, रंगाचा डबा मिळत नव्हता. परवाना गेला असता तर कोठ्यात लोखंडाचा सांगाडा उरला असता आणि बैल तर आधीच गेले होते. पण मला रात्रंदिवस खात होतं ते वेगळंच. ‘बैल इकले नाई, बदलले’ हे मामींनी साऱ्या गावाला सांगितलं होतं. ते खोटं ठरलं असतं आणि खोटी पडली असती ती बाई, मी नव्हे. मला हाकलून देतील ही भीती मला कधीच वाटली नाही. त्या नुसतं ‘बरं’ म्हणतील याची मला फार भीती वाटायची.

चैत्रात एक दिवस मामींना घेऊन मूर्तिजापूरला निघालो होतो. गाव सोडून मैलभर गेलो असू. मामी नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “जवाईबुवा, मोटार थांबवा. माहा पाय सडकेले लागून रायला.”

बारदानासकट त्यांचा उजवा पाय तळातून खाली गेला होता. मी ब्रेक दाबला. त्यांनी पाय वर घेतला, खरचटलं होतं तिथली माती झटकली, पदर सारखा केला आणि भोकातून खालच्या रस्त्याकडे थोडा वेळ पाहिलं. मी घाईघाईनं म्हणालो की पत्र्यात खोट निघाली, या अमेरिकेवाल्यांचं कामच असं. मामी ‘बरं’ म्हणाल्या. राहिलेले पाच मैल त्या पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या. मला त्यांच्याकडे पाहवेना.

त्याच दिवशी मी मूर्तिजापूरच्या नत्थुजींना गाठलं. स्टेशनरोडला त्यांचं टिनकामाचं दुकान होतं. बादल्या, पेट्या, पन्हाळी करायचे. साठीचा माणूस, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. पासिंगला पंधरा दिवस उरले तेव्हा ते हत्यारं घेऊन आमच्याकडे राहायलाच आले. मोटारीभोवती एक फेरी मारली. दाराचा गंज बोटावर घेतला आणि बोट जिभेला लावलं.

“कोन्या पान्यानं धुता बाप्पा हिले?”

“इहिरीच्या.”

“कवा कवा?”

“रोज,” मी म्हणालो. तेव्हाही त्यात थोडा अभिमान होता.

नत्थुजी माझ्याकडे चष्म्यावरून पाहत राहिले. “जवाईबुवा, तुमी मोटार लोनच्यात घालून ठेवली.”

मग त्यांनी चुना-गुळाचा एक खपला काढला, वास घेतला आणि तो काय आहे हे विचारलं नाही, ही त्यांची माणुसकी. दारांच्या तळाची बुजवलेली भोकं मात्र त्यांनी खिळ्यानं टोकरली. दोन्ही दारांतून घोट-घोट तपकिरी पाणी बाहेर आलं. “हे भोकं पानी जाले ठेवले असतात. तुमी बुच मारून पानी आत कोंडलं.” मी मान हलवली. जणू हे मला माहीत होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं.

पुढच्या मडगार्डपाशी ते थांबले. हातोडीनं ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज आला. “साऱ्या गाडीले जंग अन् हे दोन खांदे नव्यासारखे. यायले काय लावता?”

कोठ्याच्या दाराशी वच्छला उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आई दर अवसेले जवसाचं तेल लावते. हे घासून काढतात.”

नत्थुजींनी चष्मा काढून पुसला. त्यांना हसू येत होतं आणि घरजावयासमोर हसणं बरं दिसत नव्हतं, म्हणून तो त्यांनी फार वेळ पुसला.

काम त्यांनी समजावून दिलं. सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून टाकायचा, कारण कडेला बोटभर गंज उरला तरी नवं ठिगळ तो खाणार. नवा पत्रा रिबिटांनी ठोकायचा. बाकी सगळा गंज लोखंड उजळेपर्यंत खरवडायचा. मग गोड्या पाण्यानं धुवायचं, जिभेला खार लागेनासा होईपर्यंत. लगोलग फडक्यानं कोरडं करून उन्हात तापवायचं, आणि गरम असतानाच शेंदूर जवसाच्या उकळलेल्या तेलात घोटून दोन हात द्यायचे. “रेलवेच्या पुलाले हेच लावतात. मारुतीले काय लावता मंग? पावसात उघड्यावर उभा रायते थो, पाहा बरं.” त्यावर असला तर काळा रंग. जवस घरचं होतं, शेंदूर अचलपूरच्या बाजारातून आला, अर्धा डबा काळा रंग नत्थुजींनीच कुठूनसा काढला.

“गोडं पानी किती लागन?” मी विचारलं.

“सात-आठ घागरी. त्यात कंजुशी केली तं समदं फुकट. खार आत रायला तं शेंदराखालूनई जंग फुटते.”

वैशाख होता. झिऱ्याला एका घागरीसाठी तासभर बसावं लागे आणि आमच्या घराची पाळी दिवसाला दोन घागरींची. आठ घागरी म्हणजे चार दिवसांचं पिणं. घरातल्या माणसांची तहान मोटारीवर ओता, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? मी म्हणालो नाहीच. नत्थुजींनी आठ दिवस पत्रा कापला, ठोकला, मी हाताला फोड येईतो खरवडलं, आणि मग मी सायकलला घासलेटचे दोन रिकामे डबे बांधून मूर्तिजापूर स्टेशन गाठलं. इंजिनात पाणी भरणाऱ्या माणसाला दया आली, त्यानं दोन्ही डबे भरून दिले. सहा मैल सायकल ढकलत घरी पोचलो तेव्हा एका डब्यात पाव डबा उरलं होतं आणि दुसरा कोरडा होता. तो दुसरा गळका डबा मागे मीच दुरुस्त केलेला होता.

वच्छलेनं ते पाव डबा पाणी पाहिलं आणि आत गेली. पासिंगला तीन दिवस राहिले होते. धुतल्याशिवाय शेंदूर लावून टाकावा, वरून कुणाला कळतंय, असा विचार माझ्या मनात आला. खरं सांगतो, मी तो करणारच होतो.

सकाळी उजाडता उजाडता कोठ्यातून पाण्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर रांजणाचं झाकण उघडं, शेजारी चार भरलेल्या घागरी, आणि मामी गुडघ्यावर बसून मोटारीचं दार धूत होत्या. गडव्यानं पाणी सोडायचं, फडक्यानं पुसायचं, बोट फिरवून जिभेला लावायचं. खार लागला की पुन्हा गडवा. त्या चार घागरींसाठी त्या दोन दिवस अर्ध्या रात्री उठून झिऱ्यावर बसल्या होत्या आणि घरात आम्हा सगळ्यांना पुरेसं पाणी मिळत होतं, तेव्हा स्वतः काय प्यायल्या असतील ते मला आजही ठाऊक नाही.

मी त्यांच्या शेजारी बसलो. “मामी, खाऱ्या पान्यानं लोखंड सडते, तुमाले मालूम व्हतं?”

“गावातल्या लेकराले मालूम हाय. आपल्या इहिरीत लोखंडाची बादली साल टिकत नाई.”

“मंग मले सांगतलं काहून नाई?”

त्यांनी बोट जिभेला लावलं, मान हलवली आणि पुन्हा पाणी सोडलं. “सांगतलं व्हतं. पयल्याच दिशी, इहिरीवर.”

तो दिवस मला तेव्हा आठवला. पाणी ओतणारा मी, बोलणारा मी, आणि ‘बरं’ म्हणून वळलेली त्यांची पाठ.

“दुसऱ्यांदा सांगाचं व्हतं मामी.”

“बाया पाहून रायल्या व्हत्या रोज. तुमी घरजवाई. सासूनं एक डाव सांगतलं तं सांगतलं. रोज टोकाले लागली तं गाव जवायाले गडी म्हनते.” त्यांनी फडकं पिळलं. “मोटार नत्थुजी जोडते. गावात गेलेली मानसाची इज्जत कोन जोडते? म्हनून तेल लावत गेली. जेवढं वाचलं तेवढं वाचलं.”

मला रडू आलं. ते लपवायला मी मडगार्डमागे वाकलो आणि बोट फिरवून जिभेला लावलं. मला खारं लागलं, पण ते मोटारीचं होतं की नाही ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी तिथे आणखी एक गडवा पाणी मागून घेतला. मामींनी दिला.

दोन दिवस शेंदूर वाळवण्यात गेले. काळा रंग केबिनला पुरला, दारांना पुरला नाही. दारं शेंदरीच राहिली. अकोल्याला निघालो तेव्हा मामी म्हणाल्या, मीही येते. बोरगावच्या नाक्यावर एक म्हातारा मोटारीकडे पाहून हात जोडून उभा राहिला. अर्ध्या रस्त्यात दुसऱ्या एकानं नारळ पुढे केला. मी नको म्हणालो, मामींनी घेतला.

इन्स्पेक्टरसाहेबांनी कानावरची पेन्सिल काढली. शेंदरी दाराला टेकवली, दाबली. टोक मोडलं. त्यांनी खाली वाकून तळ पाहिला, रिबिटांवर अंगठा फिरवला, दाराच्या खालची तिन्ही भोकं उघडी आहेत हे पाहिलं आणि सही केली. मग कागद माझ्या हातात देता देता विचारलं, “काम चांगलं झालं आहे. पण आधी एवढी सडली कशी? तुम्ही करत काय होता हिचं?”

माझ्यामागे अकोल्याचे, मूर्तिजापूरचे, आमच्याच गावाकडचे दहा-पंधरा मोटारवाले उभे होते. केबिनमधून मामींनी पदर पुढे ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “लोखंड कच्चं निंगालं सायेब. जवाई तं तिले रोज धूत व्हते.”

साहेब हसले, मोटारवाल्यांनी माना डोलावल्या आणि अमेरिकेच्या लोखंडावर बरीच चर्चा झाली.

त्यानंतर मोटारीला विहिरीचं पाणी लागलं नाही. धूळ फडक्यानं झटकायची, धुवायची ती पावसानं धुवायची. दर अमावास्येला मामी तेल लावायच्या आणि वाटी मी धरायचो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आवतनही मीच द्यायचो. कुणी त्या ठिगळांबद्दल विचारलं की मामींचं उत्तर ठरलेलं होतं. नातेवाइकांना, बाजारातल्या बायांना, माझ्या वरूडच्या भावांनासुद्धा त्यांनी तेच सांगितलं, लोखंड कच्चं निघालं. मी शेजारी उभा असायचो आणि गप्प राहायचो. गप्प राहणं मला त्यांच्याच घरात शिकायला मिळालं होतं, पण ते मी चुकीच्या जागी वापरलं.

गेल्या भादव्यात मामी गेल्या. तेराव्याला सगळं गाव जेवायला होतं. मोटार कोठ्यात होती, दोन्ही मडगार्ड तेलानं चमकत होते. महादेवराव पाटील पानावर बसता बसता म्हणाले, “पार्बताबाईनं बैल देऊन घेतली थे मोटार. लोखंड कच्चं निंगालं, नाई तं आखीन टिकती.”

मी वाढत होतो. हातातलं भांडं खाली ठेवलं आणि पंगतीच्या मधोमध उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “लोखंड चांगलं व्हतं, पाटील. मी तिले चार वर्सं खाऱ्या पान्यानं धुतलं. मामीनं पयल्याच दिशी नाई म्हनलं व्हतं.”

मग पार शेवटी बसलेल्या म्हाताऱ्या गंगूबाई, ज्या रोज विहिरीवर घागर टेकवून पाहत उभ्या असायच्या, त्या म्हणाल्या, “आमाले समद्यायले मालूम हाय बाप्पा. तिनंच शपथ घातली व्हती, तुमाले मालूम हाय थे जवायाले सांगू नका म्हनून.”